डोनाल्डचा आजा आणि आमचा आजा

मित्रांनो, परवा आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांना मोबाईलवर एक कार्टून दाखवलं. डोनाल्ड डक बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला जातो, त्याचं. सात-आठ पोरं एका मोबाईलवर वाकलेली. हसून हसून लोळत होती. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? त्यात एक पोरगा फासेपारध्याचा. तो काही हसला नाही. कार्टून संपल्यावर म्हणाला, “दादा, ह्यांना फॉरेस्टवाले धरत नाहीत का?”

सगळी पोरं गप. मीही गप. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मला उशिरा सुचलेलं उत्तर आहे.

कार्टूनचं नाव ‘नो हंटिंग’. डिस्ने कंपनीचं, १९५५ सालचं, दिग्दर्शक जॅक हॅना. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेलं. गोष्ट एवढीशीच. डोनाल्डच्या घरात भिंतीवर त्याच्या आज्याची तसबीर आहे. आजा कातड्याच्या कपड्यातला, नव्या मुलुखात घुसून घर मांडणारा, शिकार करून पोट भरणारा. जेवायला बसलेल्या नातवाच्या अंगात हा आजा संचारतो, आपल्याकडं जत्रेत देव अंगात येतो तसा. मग डोनाल्ड निघतो रानात. तिथं हौशी शिकाऱ्यांची ही गर्दी. हरीण दिसो न दिसो, गोळ्या सुटतायत. शिकार कसली, लढाईच ती. ओढ्यातून रिकामे डबे, बाटल्या वाहत येतात. काठावर बांबी नावाचं पाडस आणि त्याची आई उभी. तो उकिरडा बघून आई त्याला घेऊन तिथून सटकते.

आता आधी चांगलं ते चांगलं म्हणू. हे कार्टून शिकाऱ्याची टर उडवतं. बंदूक हातात आली की माणूस किती मूर्ख होतो ते दाखवतं. ज्याच्या दुकानात हसू विकायला ठेवलंय त्यानं एवढं केलं, हेही कमी नाही. आपल्यातले काही दोस्त म्हणतील, अमेरिकन भांडवलदाराचा माल, फेकून द्या. मी तसं म्हणणार नाही. जे आपल्या पोरांना हसवतं ते आपण उघडून बघितलंच पाहिजे. नाहीतर समीक्षा फक्त कवितासंग्रहांपुरती राहील आणि पोरं मोबाईलवर वाढतील.

पण उघडून बघितलं की एक गोष्ट टोचते. कार्टून नातवाची टर उडवतं, आज्याची नाही. नातू नकली, हौशी, बावळट. आजा मात्र अस्सल. तो पोटासाठी मारत होता, म्हणून तो थोर. त्या तसबिरीला कुणी हात लावत नाही. आपण मात्र तसबीर उलटी करून बघणारी माणसं आहोत. मागं काय लिहिलंय?

मागं असं लिहिलंय की तो आजा शिरला तेव्हा ते रान रिकामं नव्हतं. तिथं माणसं होती, त्यांचीही शिकार होती, त्यांचंही पोट होतं. मैदानी मुलखातल्या मूळ रहिवाशांचं जगणं रानरेड्यांवर, म्हणजे बायसनवर होतं. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यासाठी हे रेडे इतके मारले की १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते जवळजवळ संपले. रेडे संपले तशी माणसं उपाशी पडली. त्यांना कोंडलेल्या राखीव जमिनींना तिथं ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. शब्द तोच, जो आपण हक्क म्हणून उच्चारतो. तिकडं तो कोंडवाडा होता.

आणि बंदूक? १८६५ ला अमेरिकेत गुलामी संपली. त्याच साली मिसिसिपी राज्यानं कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येणार नाही. परवाना द्यायचा कुणी? कालच्या मालकांच्या जातभाईंनी. पुढं शंभर वर्षांनी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथरची पोरं भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागली, तेव्हा १९६७ ला कॅलिफोर्नियात भरली बंदूक घेऊन फिरण्यावर बंदी आली. सही गव्हर्नर रेगनची. ह्याच पँथरचं नाव १९७२ ला मुंबईतल्या आपल्या माणसांनी उचललं, हे तुम्हाला सांगायला नको. डोनाल्डच्या हातात बंदूक आली की विनोद होतो. ह्यांच्या हातात आली की कायदा होतो.

आता त्या बांबीकडं या. १९४२ च्या डिस्नेच्या ‘बांबी’ सिनेमात ह्याच पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते. जगभरची पोरं त्या प्रसंगाला रडली. तेरा वर्षांनी त्याच कंपनीनं तीच आई एका विनोदासाठी जिवंत करून ओढ्याच्या काठावर उभी केली. मेलेली आईसुद्धा कामाला लावली की राव!

पण बांबी मुळात डिस्नेचा नाही. फेलिक्स साल्टन ह्या व्हिएन्नातल्या ज्यू लेखकाची ती कादंबरी, १९२३ ची. हा माणूस स्वतः शिकारी होता, म्हणून बंदुकीच्या दोन्ही टोकांना काय असतं ते त्याला माहीत. १९३६ ला नाझींनी त्याच्या पुस्तकांवर बंदी घातली. पुढं त्याला देश सोडावा लागला, तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्या कादंबरीत मारल्या जाणाऱ्या ज्यूंची गोष्ट अनेकांना दिसली, ती उगाच नाही.

त्यात गोबो नावाचं एक हरीण आहे. लहानपणी अशक्त म्हणून बर्फात पडलं, माणसानं उचलून नेलं, पोसलं. मोठं होऊन रानात परत येतं तेव्हा ऐटीत. गळ्यावर माणसानं बांधलेल्या पट्ट्याची खूण. त्याला ती खूण म्हणजे मान वाटतो. सांगत फिरतं, माणूस वाईट नाही, मला तो ओळखतो. कळपातलं म्हातारं हरीण ती खूण बघून हळहळतं. आणि एक दिवस गोबो भर उजेडात मोकळ्या माळावर माणसाच्या समोर जातं आणि गोळी खातं.

दोस्तहो, हा गोबो तुम्ही बघितलाय. मंत्र्याच्या गाडीत बघितलाय, महामंडळाच्या खुर्चीत बघितलाय. आणि गंमत बघा, डिस्नेनं सिनेमा काढताना नेमका गोबो वगळला. आई मेल्याचं रडू विकता येतं. पट्ट्याची गोष्ट विकता येत नाही.

आता पोराच्या प्रश्नाकडं वळतो. त्याचाही आजा होताच. फासे लावून हरीण, ससा, तितर धरायचा. पोटासाठीच. म्हणजे डोनाल्डच्या आज्याचंच काम, आणि तेही बंदुकीशिवाय. पण इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला, आणि जन्माला येणारं पोर जन्मतःच चोर ठरलं. पोलिसांकडं हजेरी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात ह्याच फासेपारध्यांना जवळ केलं, कामं दिली, तेवढा एक अपवाद. १९५२ ला कायदा गेला, शिक्का गेला नाही. १९७२ ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. हरणं वाचायलाच पाहिजेत, त्यावर माझं दुमत नाही. सारनाथच्या मृगवनात धम्मचक्र फिरवणाऱ्याचे आपण वारस, हरणाच्या बाजूनंच बोलणार. पण फासा काढून घेतला तेव्हा हातात दुसरं काय दिलं? जमीन दिली? शाळा दिली? काही नाही. गावात चोरी झाली की आजही आधी पारध्याचं पाल उचकतात.

म्हणजे एकाच्या आज्याची शिकार भिंतीवर तसबीर झाली आणि दुसऱ्याच्या आज्याची पोलिसांच्या वहीत नोंद झाली. डोनाल्ड वारशानं हौशी शिकारी, आमचं पोरगं वारशानं संशयित. पोरा, म्हणून त्यांना फॉरेस्टवाले धरत नाहीत.

नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’तली (२०१३) डुकराची शिकार आठवा. तीही एका कुटुंबाची शिकार. आई, बाप, पोरं सगळी पळतायत आणि गाव कडेला उभं राहून हसतंय. राष्ट्रगीत ऐकू येतं तेव्हा हे कुटुंब जागच्या जागी थांबतं, डुक्कर निघून जातं. आपल्यालाही क्षणभर हसू येतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावर येतो, आपल्या हसण्यावर येतो. डिस्नेला हे जमलं नाही. तिथं हसणारा सुरक्षित आहे.

आमच्या लिखाणात वेदना आली, विद्रोह आला, नकार आला. हसू अजून कमी आहे. हसायचा हक्क आपण दुसऱ्यांकडं ठेवून दिला की ते आपल्यावरच हसतात. म्हणून मी त्या पोराला वही दिली, म्हटलं, तुझ्या आज्याचं कार्टून काढ. त्यानं काढलं. आजा फासा लावून बसलाय, समोर हरीण, आणि आज्याच्या मागं जीपमधून उतरणारा साहेब. साहेबाच्या डोक्यावर डोनाल्डची टोपी. साहेबाचा पाय फाशात अडकलाय.

पोरं हसली. ह्यावेळी तोही हसला.

जयभीम.