एकहाती बंदूक

अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताची राजधानी १७८० साली रिचमंडला गेली आणि विल्यम्सबर्ग हे तिचे जुने गाव मागे पडले. १९२६ पासून रॉकफेलरच्या द्रव्यसाहाय्याने त्याचा जीर्णोद्धार सुरू झाला. आज तेथे अठराव्या शतकातील घरे, दुकाने आणि लोहारशाळा पुन्हा उभ्या आहेत, व पगारी कारागीर जुन्या हत्यारांनी जुन्या वस्तू घडवीत बसलेले असतात. या संस्थेने १९६९ साली 'गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग' या नावाचा सुमारे तासाभराचा माहितीपट काढला. वॉलेस गस्लर हा तेथील बंदूककार लोखंडाची एक पट्टी आणि मेपलचे लाकूड घेऊन बसतो व त्यांतून चकमकीवर उडणारी ठासणीची बंदूक सिद्ध करतो, एवढाच त्याचा विषय. ठासणीच्या बंदुका हाताने घडविण्याचा छंद असलेली मंडळी अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यात या चित्रपटाचा मान मोठा. आमच्या मते तो मान सार्थ आहे. परंतु चित्रपटाच्या ज्या गुणामुळे तो मिळाला, त्याच गुणाच्या पोटी एक असत्यही दडले आहे, आणि त्या छंदाची सारी गंमत व सारी अडचण त्या असत्यातच आहे.

कोकण-गोव्याच्या वाचकास ठासणीची बंदूक समजावून सांगावयास नको. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासावयाची, कानाशी रंजक घालावयाची. चाप ओढताच घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी रंजकात पडते आणि बार उडतो. हे वर्णन दोन ओळींत संपते. ती वस्तू घडवावयाची म्हणजे काय, हे मात्र पाहिल्यावाचून कळत नाही, आणि चित्रपटाचे यश नेमके येथे आहे.

नळीचेच पाहा. लोखंडाची लांब पट्टी तापवून गजाभोवती वाकवावयाची आणि तिच्या कडा एकमेकींवर आणून हातोड्याखाली एकजीव करावयाच्या. हा सांधा एका दमात लागत नाही. चार बोटे लांबी तापवावी, ठोकावी, पुन्हा भट्टीत सारावी, पुढची चार बोटे घ्यावी. लोखंड कमी तापले तर जोड धरत नाही, अधिक तापले तर जळते. आणि कोठे एखादी जागा कच्ची राहिलीच तर तिची वार्ता पुढे बार उडताना, गाल दस्त्यास टेकलेला असताना मिळावयाची. कॅमेरा येथे घाई करीत नाही. लोखंडाचा रंग तांबड्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पांढरा होईपर्यंत तो थांबतो. डेव्हिड ब्रिंक्ली हा त्या काळी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवरील विख्यात वृत्तनिवेदक. त्याने निवेदन केले आहे व ते बेताचे आहे. जेथे हात बोलतात तेथे जिभेने आवरते घ्यावे, ही समज आमच्याकडील माहितीपटांत क्वचितच आढळते.

नळी भोसकून झाली की तिचा सरळपणा पारखण्यासाठी तिच्यातून ताणलेला दोरा ओवून डोळा लावावयाचा, ही त्या धंद्यातील जुनी युक्ती. त्यापुढे आत मळसूत्री खाचा पाडावयाच्या, म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. त्यासाठी लाकडी दंडगोलावर मोठ्या आकाराचे मळसूत्र कोरलेले असते. तो ओढला की फिरतो आणि त्याला जोडलेले लहानसे पाते नळीतून फिरत येते. एका ओढीस केसाएवढा कीस निघतो. सात-आठ खाचा, प्रत्येक खाचेस कितीतरी ओढी, आणि पाते बोथट वाटले की त्याखाली कागदाचा कपटा सारून ते किंचित उचलावयाचे! सूक्ष्म मोजमापाची यंत्रे नसताना सूक्ष्मता कशी साधत असे, याचा याहून सुंदर पुरावा आम्ही पाहिलेला नाही. पितळी साजाचे ओतकाम, कमानीस पाणी देणे, दस्त्यावरील कोरीव वेलबुट्टी हे सारे पुढे यथास्थित येते. तेही चांगले आहे, पण नळीच्या प्रकरणाची उंची त्यास नाही.

आता त्या असत्याकडे वळू. कॅमेरा आरंभापासून अखेरपर्यंत एकाच माणसाच्या हातांवर खिळलेला आहे. निवेदनात काहीही म्हटलेले असो, चित्र शब्दापेक्षा बलवत्तर असते. आणि पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते हे, की पूर्वीचा बंदूककार असा होता, एकटा, स्वयंपूर्ण, भट्टीपासून नक्षीपर्यंत सारे जाणणारा. प्रत्यक्षात तो धंदा तसा चालत नसे. चाप-घोड्याची कळ पुष्कळदा इंग्लंडातून वा जर्मन मुलखातून तयार येई. नळ्या करणारे निराळे असत. बंदूककार त्या आणून लाकडात बसवी, साज ओती, आणि त्याचा बराचसा काळ मोडक्या बंदुकांच्या दुरुस्तीत जाई. याच विल्यम्सबर्गात डेव्हिड व विल्यम गेडी या बंधूंनी १७५१ साली वृत्तपत्रात जाहिरात दिली, तीत बंदुकीच्या कामाबरोबर सुऱ्या-कात्र्यांचे काम होते आणि ओतकामही होते. पोट भरण्यासाठी जे येईल ते करणारी ही माणसे होती. शिवाय उमेदवार असत, घरची मुले असत. आणि क्रांतीच्या सुमारास या गावची निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची, त्यांतही बहुतेक गुलामांची होती, हे विसरून तेथील कोणत्याही कामाचा इतिहास लिहिता येत नाही. चित्रपटात त्यांना जागा नाही.

एकाच हाताने सर्व करावे हे ध्येय अठराव्या शतकाचे नव्हे. ते यंत्रांनी वेढलेल्या विसाव्या शतकाचे आहे. ज्याचे दिवसाचे काम एका मोठ्या यंत्राच्या एका दात्याएवढे, त्याला सुटीच्या दिवशी अखंड वस्तू घडवावीशी वाटते. यात हसण्यासारखे काही नाही. परंतु त्या भूकेला इतिहासाचे नाव देऊ नये. या छंदिष्टांत एक तंटा जुना आहे. कोणी तयार नळी व तयार कळ विकत घेतो आणि दस्ता तेवढा स्वतः करतो. आता तर यंत्रावर कोरून आलेला दस्ताही मिळतो, त्यास कानस मारून जुळणी केली की झाले. कडवे लोक अशास बंदूककार म्हणावयास तयार नसतात. आमचा निवाडा विचाराल तर पुराव्याचा भार कडव्या पक्षावर आहे. विकत घेतलेली कळ मन लावून लाकडात बसविणारा मनुष्य अठराव्या शतकातील कारागिराच्या अधिक जवळ उभा आहे. गस्लरचे कौशल्य अलौकिक खरे, पण अलौकिक हेच त्याचे वर्णन. त्या काळच्या लौकिक व्यवहाराचे ते प्रतिनिधी नव्हे.

वकिलीच्या सवयीने आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. हा छंद तेथे फुलला तो कायद्याने वाट मोकळी ठेवली म्हणूनही. अमेरिकेच्या १९६८ च्या मध्यवर्ती शस्त्रकायद्याने जुन्या चकमकी बंदुका आणि त्यांच्या नव्या प्रतिकृती सामान्य बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या. मात्र याच व्हर्जिनियात १७२३ च्या कायद्याने काळ्या लोकांस व तद्देशीयांस, थोडे अपवाद सोडून, बंदूक बाळगण्यास मनाई केली होती. बंदूक घडविणारा हात कोणाचा, याआधी ती धरण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न तेथे होता. तो आमच्याही परिचयाचा आहे. १८७८ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी ब्रिटिश मुलखातील हिंदी माणसास परवाना लागे आणि युरोपियनास सूट असे. आज १९५९ चा कायदा आहे. त्याच्या ५ व्या कलमाने बंदूक घडविण्यास परवाना लागतो, आणि ४५ व्या कलमातील सूट मिळते ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुन्या शस्त्रास. म्हणजे उडणारी बंदूक हौसेने घडवू पाहणारा बेळगावचा वा फोंड्याचा गृहस्थ परवान्यावाचून थेट गुन्हेगार ठरेल. हा कायदा बदलावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या वस्तूने माणूस मरतो तिच्याबाबत सरकारने संशयी असावे हेच बरे. परंतु परिणाम असा झाला आहे, की या विद्येचा आमच्याकडील उल्लेख पोलिसांच्या बातमीत 'गावठी' या विशेषणासह येतो, दुसरीकडे कोठे येत नाही.

आणि ही विद्या येथे काही उपरी नव्हती. गोवा घेतल्यानंतर आफोंसो द आल्बुकेर्कने १५१३ साली पोर्तुगालच्या राजास लिहिताना येथील कारागिरांच्या बंदुका बोहेमियाच्या तोडीच्या असल्याचे कळविले होते. बोहेमियाचे नाव त्या काळी या कामात मोठे. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांच्या कारागिरीस दिलेला हा दाखला आहे, म्हणून त्याचे वजन अधिक. त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव त्या दाखल्याबरोबर आपल्यापर्यंत आलेले नाही.

तेव्हा गस्लरचा चित्रपट पाहताना आम्हांस हेवा वाटला तो बंदुकीचा नव्हे. जॉर्जिया प्रांतातील डोंगराळ भागात १९६६ साली एका शाळेतील मुलांनी आपल्या शिक्षकाच्या साह्याने 'फॉक्सफायर' नावाचे मासिक सुरू केले आणि गावोगावच्या वृद्धांकडून त्यांचे धंदे लिहून घेतले. त्यांतून निघालेल्या ग्रंथमालेच्या १९७९ मधील पाचव्या भागात लोखंडकामाबरोबर चकमकी बंदुकांचे प्रकरण आहे. विल्यम्सबर्गच्या चित्रपटाची सफाई त्यात नाही. बोलणारे अडखळतात, विषयांतर करतात. पण नळी कोठून आणली, अमुक गोष्ट कोणाकडून शिकलो, कोणते काम दुसऱ्याकडे दिले, हे त्यात आपसूक येते, आणि एका हाताची दंतकथा आपोआप गळून पडते. आम्हांस निवड करावयाची झाली तर डोळ्यांसाठी चित्रपट आणि साक्षीसाठी ते पुस्तक घेऊ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रानडुकरे व माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. त्यांची कळ मोडली तर ती नीट करणारा मनुष्य कोठे राहतो, हे त्या गावांतील शेतकऱ्यास ठाऊक असते. त्यास जाऊन विचारण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.