मूकाभिनय आणि ध्वनिक्षेपक

युवक मेळावा असो वा पवित्र सप्ताह, मूकाभिनय हा आपल्या धर्मग्रामांत सुवार्ताप्रसाराचा एक रुळलेला प्रकार झाला आहे. काळे कपडे, पांढरा रंग फासलेले चेहरे, पापाचे प्रतीक म्हणून एक दोरखंड, मागे ध्वनिमुद्रित इंग्रजी गीत आणि शेवटी हात पसरून उभा राहिलेला ख्रिस्त. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर उत्तम शुक्रवारी पाहिलेल्या अशाच एका प्रयोगाविषयी येथे लिहावयाचे आहे. त्याचे दोष सांगताना आम्हांस स्वतःला वगळता येणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम त्या पांढऱ्या चेहऱ्याविषयी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रंगभूमीवर देब्यूरो या नटाने गाजवलेला पिएरो आणि पुढे मार्सेल मार्सो (१९२३–२००७) यांनी जगभर नेलेला 'बिप', यांचा तो वारसा. मोठ्या नाट्यगृहात, दिव्यांच्या झोतात, त्या रंगामुळे चेहऱ्यावरची रेघ लांबवर पोचते. आमच्या वस्तीवर प्रेक्षक चार हातांवर बसलेले असतात. तेथे तो रंग चेहरा झाकून टाकतो. शिवाय सोंग घेऊन दारी येणारा बहुरूपी गावाच्या ओळखीचा आहे. रंगवलेले तोंड दिसले की माणसे हसण्याच्या तयारीने बसतात. भरतमुनींनी सांगितलेल्या चार अभिनयांपैकी वाचिक वजा केला, तर आंगिक, आहार्य आणि सात्त्विक उरतात. आमच्या युवकांनी वाचेची उणीव आहार्याने, म्हणजे रंगाने आणि कपड्यांनी, भरून काढली आहे.

मराठवाडा ही शब्दांची भूमी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आंबेजोगाई मुकुंदराज आणि दासोपंत यांचे नाव सांगते. पैठणच्या नाथांच्या भारुडांत मुका, बहिरा, आंधळा ही पात्रे आहेत. पण तो मुकाही आपले मुकेपण गाऊनच सांगतो! आपली स्वतःची परंपराही फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून (१६१६) रेव्हरंड टिळकांच्या कीर्तनापर्यंत बोलणारी, गाणारीच आहे. अशा ठिकाणी मौनाला जागा करून देणे हे धाडसाचे काम आहे. ते अर्धवट करून चालत नाही.

आता त्या प्रयोगाकडे वळू. क्रूसाची वाट हा विषय होता. नट सारे ऊसतोड करणाऱ्या घरांतले. दिवाळीच्या सुमारास फडावर गेलेले आणि नुकतेच परतलेले. पिलात, शिपाई, यरुशलेमच्या स्त्रिया ही दृश्ये आली आणि गेली, त्यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. मग शिमोन कुरेनेकर आला. शुभवर्तमानात तो शेताकडून येत असतो, असे आपल्याला सांगितले आहे. त्या तरुणाने एवढेच उचलले. तो वाकला, अदृश्य कोयत्याने बुडखा तोडला, पाचट सोलले, वाढे छाटले, मोळी बांधली. कोठेही घाई नव्हती. शिपायाने त्याला ओढून क्रूसाखाली उभे केले, तेव्हा त्याने तो खांद्यावर घेतलाच नाही. मान ताठ करून, गुडघे किंचित वाकवून, मोळी घ्यावी तसा डोक्यावर घेतला आणि फळीवरून ट्रकवर चढतात तशी पावले टाकू लागला. तालमीत हे नव्हते. समोर बसलेल्या बायकांतील एकीचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला.

नेमक्या त्याच क्षणी ध्वनिक्षेपक बोलू लागला: "प्रिय बंधुभगिनींनो, शिमोनाप्रमाणे आपणही..." ते निवेदन आम्ही लिहिले होते. चांगले पाऊण पान होते. त्या बाईचा हात खाली आला आणि ती पदर सावरून उपदेश ऐकावयास बसली.

विश्वास ऐकण्याने उत्पन्न होतो, असे संत पौल रोमकरांस लिहितो, तेव्हा शब्दांवाचून घोषणा कशी, असा आक्षेप आमच्या काही बंधू धर्मगुरूंचा आहे. तो वाजवी आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या सुवार्ताप्रसारावरील पत्रात शब्दांवाचूनच्या साक्षीचे मोल सांगितले आणि लगेच पुढे, स्पष्ट घोषणेवाचून ती साक्ष अपुरी राहते, असेही बजावले. परंतु त्या पत्रातला क्रम पाहावा. आधी ती साक्ष पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभे करते. उत्तर मागाहून येते. आम्ही प्रश्न उठण्याआधीच उत्तर दिले. हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले आणि प्रभूने एकाचेही उत्तर दिले नाही, हेही शुभवर्तमानच आहे. शिवाय वस्तीवरच्या चौकात सर्व धर्मांचे शेजारी उभे असतात. त्यांना खेळ पाहावयास बोलावून उपदेशात अडकवणे हे आम्हांस सरळ वाटत नाही.

मूकाभिनय हवा की नको, यावर वाद घालण्यात आम्हांस रस नाही. शिमोनाचे ते काही क्षण पाहिल्यावर तो वाद उरत नाही. मात्र मुद्राभिनयाच्या नावाखाली आपण बहुधा आवाज बंद केलेला उपदेशच सादर करतो. बोट वर केले की देव, छातीवर हात ठेवला की पश्चात्ताप. या खुणा आपल्या आपल्यालाच कळतात. कोयत्याची खूण बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. उचल देणारा मुकादम, फडावर झोपवलेले मूल, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणण्याची रीत: शरीराने सांगता येईल असे येथे पुष्कळ पडून आहे. दृष्टान्त सांगणाऱ्या प्रभूने पेरणारा, मेंढपाळ, जाळे ओढणारा कोळी असेच निवडले होते.

पुढच्या पवित्र सप्ताहासाठी आम्ही ते पाऊण पान काढून टाकले आहे. इंग्रजी गीतही वगळले. पांढरा रंग मात्र राहावा, असा युवकांचा आग्रह आहे. रंग नसेल तर हे नाटक आहे हे लोकांना कळणार कसे, असे ते विचारतात. शिमोनाचे काम करणाऱ्या तरुणाने या वादात अद्याप भाग घेतलेला नाही. तो सध्या फडावर आहे.