स्लाइडमालिकेचे निवेदन आणि मराठी वाक्य

वर्ग बंद असताना, २०२० च्या टाळेबंदीत, संगणकावरील स्लाइडमालिकेस ध्वनिमुद्रित निवेदन जोडून पाठ देण्याची पद्धत वाढीस लागली. तिच्या भाषेची चिकित्सा मात्र क्वचितच होते. या चिकित्सेस कल्याणच्याच एका जुन्या प्रयोगाचा आधार घेता येतो.

महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली कल्याण येथे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबर या मायावी असुरावरून मायेस ‘शांबरी’ म्हणतात. नावाचा उगम तोच. काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडून, जोडीस संवाद व गाणी म्हणून, पौराणिक कथा दाखविल्या जात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथीही एकेक चित्र पुढे करीत कथा गातात. या दोन्ही प्रकारांत वाणी व चित्र यांची गाठ प्रेक्षकांसमक्ष पडते. चित्र रेंगाळले तर बोलणाऱ्यासही थांबता येते.

ध्वनिमुद्रणात ही सोय उरत नाही. म्हणून सावधगिरी वाक्यातच घ्यावी लागते. ‘प्रस्तुत चित्रात अंबरनाथ येथील मंदिराच्या बाह्यभिंतीवरील शिल्पांचे दर्शन घडविण्यात आलेले आहे’ हे वाक्य कागदावर खपून जाते. पण चित्र समोर असता त्यातील अर्धे शब्द निरुपयोगी ठरतात. ‘ही अंबरनाथच्या देवळाची बाहेरची भिंत. दाराच्या डावीकडची मूर्ती पाहा,’ एवढ्याने दृष्टीस दिशा मिळते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पॉवरपॉइंटमध्ये निवेदन प्रत्येक स्लाइडला स्वतंत्रपणे जोडले जाते आणि एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना बोललेले शब्द मुद्रित होत नाहीत. मराठीत क्रियापद व नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतात. ‘हे मत सर्वमान्य झालेले नाही’ यातील अखेरचा शब्द गळाला की श्रोता तेथे ‘आहे’ गृहीत धरण्याचा संभव असतो, आणि विधानाचा अर्थ उलटतो.

मुद्रित निवेदन पुनःपुन्हा ऐकता येते, हा त्याचा निःसंशय लाभ होय. परंतु पुनरावृत्तीने दोषही दृढ होतो. म्हणून लिहिलेला लेख वाचून दाखविण्याऐवजी चित्राकडे पाहत बोलावे आणि चित्र पालटण्यापूर्वी वाक्य पुरे करावे, हेच शास्त्रशुद्ध ठरते.