कुलकर्णी ते लेखापाल : ‘गावगाडा’तील हिशेबनिसाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रामीण समाजरचनेचा मराठीतील आद्य अभ्यास म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. बलुतेदारी, वतनसंस्था, फिरस्त्या जमाती यांविषयी लिहिणारा अभ्यासक त्याचा आधार घेतल्याशिवाय पुढे जात नाही. या ग्रंथातील कुलकर्णी मात्र बहुधा जातीचा किंवा वतनाचा प्रतिनिधी म्हणूनच वाचला गेला. तो दिवसभर करतो काय, तर हिशेब लिहितो, या साध्या गोष्टीकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत लेखात कुलकर्ण्याच्या कामाच्या अंगाने ‘गावगाडा’ वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हे वाचन सावद्यासारख्या लहान नगरपरिषदेच्या गावातून केले असता एक प्रश्न समोर उभा राहतो. हिशेब लिहिणारा माणूस बदलला, परंतु ज्याच्या पैशाचा तो हिशेब आहे त्याला तो वाचता येऊ लागला काय?

दप्तर आणि रयत

पाटील हा गावाचा मुख्य आणि कुलकर्णी त्याचा लेखक, अशी जुनी मांडणी होती. प्रत्यक्षात निरक्षर गावात लेखणी ज्याच्या हाती तोच वरचढ ठरे. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) या विषमतेवर कठोर प्रहार केला. पुढे ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटील यांनी १९१३ साली ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले. ‘गावगाडा’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला. दोन्ही ग्रंथांची पार्श्वभूमी अहमदनगर जिल्ह्याची आहे, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. सत्यशोधक चळवळीने कुलकर्ण्याचा प्रश्न त्या भागात ऐरणीवर आणलेला होता.

आत्रे यांची पद्धत मुकुंदरावांहून भिन्न आहे. मुकुंदराव उपहास करतात, तर आत्रे मोजदाद करतात. कुणब्याच्या खळ्यावरून कोण किती नेतो, हक्क म्हणून काय जाते, भीक म्हणून काय जाते आणि धाकाने काय जाते, याच्या नोंदी ते एकामागून एक करीत जातात. माझ्या मते ‘गावगाडा’ची खरी रचना खतावणीची आहे. प्रत्येक घटकाचे जणू स्वतंत्र खाते उघडले आहे आणि सर्व खात्यांची नावे बाजू शेवटी कुणब्यावर येऊन पडते. गावाच्या अधिकृत दप्तराला समांतर असे एक दुसरे दप्तर आत्रे यांनी लिहिले, आणि ते कुणब्याच्या बाजूने लिहिले. या ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्यही त्यातच आहे. त्यातील बोलीचे शब्द, म्हणी, वस्तूंची नावे ही शोभेसाठी येत नाहीत. ती नोंदीच्या अचूकतेसाठी येतात.

ग्रंथाची मर्यादाही येथेच जाणवते. आत्रे यांचा अनुभव सरकारी कामकाजातला होता आणि त्यांची दृष्टी सुधारक प्रशासकाची आहे. वंशपरंपरा गेली, शिक्षण आले, वेतन सुरू झाले की दप्तर शुद्ध होईल, असा विश्वास त्यांच्या मांडणीमागे दिसून येतो. इतिहासाने या सूचनेची अंमलबजावणी केली, हे मान्य करावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्यान्वये परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. वतनाचे वेतन झाले. परंतु वाचणाऱ्याच्या बाजूचा प्रश्न या सुधारणेच्या कक्षेत पुरेसा आलाच नाही.

सावद्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात सावदा हे खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होते. १८५२ साली महसुली मोजणीच्या विरोधात खानदेशात जो मोठा क्षोभ उसळला, त्याच्या केंद्रांमध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल ही गावे होती आणि तो शमविण्यासाठी सरकारला सैन्य आणावे लागले. सारावाढीची भीती हे त्याचे कारण सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्या जमिनीचा असा कागद तयार होत आहे की जो आपल्याला वाचता येणार नाही, हा अविश्वासही त्या क्षोभात वाचता येतो.

लेखापालाचे टेबल

कुलकर्णी आणि आजचा नगरपरिषदेचा लेखापाल यांची तुलना सरसकट करता येणार नाही. कुलकर्णी मुख्यतः सरकारच्या वसुलीचा हिशेब ठेवी. लेखापाल वसुलीबरोबर खर्चाचाही हिशेब ठेवतो आणि तो ज्या संस्थेचा नोकर आहे ती लोकनियुक्त आहे. सावदा ही ‘क’ वर्ग नगरपरिषद असून २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे २० हजार आहे. अशा ठिकाणी लेखा विभाग म्हणजे मोजकी माणसे. गटाराच्या एका देयकाचा प्रवास पाहिला तरी या कामाचे स्वरूप ध्यानात येते. अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्यावर देयक लेखापालाकडे येते. अंदाजपत्रकात तरतूद आहे काय, ठराव झाला आहे काय, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आहेत काय, ज्या अनुदानातून खर्च टाकायचा त्याची अट हे काम सामावून घेते काय, हे तो पाहतो. आयकर, सुरक्षा अनामत, बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर वजा करतो. मग प्रमाणक, रोकडवही, बँकेशी ताळमेळ आणि शासनाला उपयोगिता प्रमाणपत्र. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप येतात आणि त्यांचे अनुपालन लिहिण्यात जुनी वर्षे पुन्हा उकरावी लागतात. मूळ सही करणारे अधिकारी तोवर बदलून गेलेले असतात.

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाल्यावर या टेबलाचे स्वरूप पालटले. जकात ही नाक्यावर डोळ्यांना दिसणारी आवक होती. तिच्या जागी सहायक अनुदान आले आणि लहान नगरपरिषदेचे अर्थकारण बव्हंशी शासनाच्या आदेशांवर चालू लागले. बंधित निधी कोणता आणि अबंधित कोणता, हे ज्याला कळते त्याचे मत सभागृहात निर्णायक ठरते. हा दोष लेखापालाचा नव्हे. तो बहुधा ‘नियमात बसत नाही’ एवढेच म्हणतो, आणि त्या वाक्याने नागरिकांना गैरप्रकारांपासून अनेकदा वाचविलेही असेल. परंतु त्या वाक्याची शहानिशा करण्याचे साधन नगरसेवकाजवळ नसते, ही जागा ‘गावगाडा’तील जागेपासून फार दूर नाही.

२००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेनंतर दुहेरी नोंद व उपार्जन पद्धती आली. तत्त्वतः ती श्रेष्ठच आहे, कारण देणी आणि मालमत्ता तीत लपत नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागता येऊ लागले. २०२१-२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने तर लेखे संकेतस्थळावर उपलब्ध असणे ही अनुदानाचीच अट केली. म्हणजे दप्तर उघडे झाले. पण ते उघडे पडले आहे ताळेबंद, राखीव निधी, घसारा, अनुसूची या भाषेत. फुल्यांच्या काळातील शेतकऱ्यासमोर कागद नव्हता किंवा अक्षर नव्हते. आजच्या नागरिकासमोर दोन्ही आहेत आणि तरीही अर्थ नाही. निरक्षरतेचा हा दुसरा प्रकार आत्रे यांच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते. मात्र आपण तो ‘पारदर्शकता’ या एका शब्दाखाली झाकून टाकतो, हे मला खटकते.

या ठिकाणी मुकुंदराव पाटलांकडे परत यावे लागते. आत्रे यांच्या तुलनेत त्यांच्या ग्रंथाला कमी मोलाचा, केवळ प्रचारकी ठरविण्याची प्रथा पडली आहे. पण त्यांनी ओवीबद्ध पोथीचा घाट निवडला, यामागे वाङ्मयीन जाण होती. पोथी ऐकणे रयतेच्या अंगवळणी पडलेले होते. दप्तरातील व्यवहार त्यांनी रयतेला परिचित असलेल्या रूपात आणून ठेवला. आत्रे यांनी दप्तराचे विश्लेषण केले, मुकुंदरावांनी दप्तर ऐकविले.

सावद्याच्या परिसरातील केळी उत्पादक व्यापाऱ्याची पट्टी ओळीओळीने तपासतो. वजन, भाव, घट, मजुरी यांत एक आकडा चुकला तरी तो जागेवर धरतो, कारण ती पट्टी त्याच्या व्यवहाराच्या भाषेत लिहिलेली असते. तोच उत्पादक नगरसेवक म्हणून निवडून येतो, तेव्हा वर्षाचे अंदाजपत्रक एका बैठकीत, बहुधा चर्चेविना, हात वर करून मंजूर करतो.