सीलला हात लावायचा की नाही?

हवाई बेटांच्या परिसरात मंक सील नावाचा सागरी सस्तन प्राणी राहतो. मंक म्हणजे ख्रिस्ती मठातला साधू. मानेवरच्या कातडीच्या वळ्या साधूच्या टोपीसारख्या दिसतात आणि प्राणी एकेकटा राहतो, म्हणून हे नाव पडले. या गटात तीन जाती होत्या. कॅरिबियन समुद्रातली जात १९५२ नंतर खात्रीलायकरीत्या कोणी पाहिली नाही. २००८ मध्ये ती नष्ट झाल्याचे जाहीर झाले. भूमध्य समुद्रातली जात अल्प संख्येने उरली आहे. हवाईतली जात १९७६ पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार 'नष्ट होण्याच्या धोक्यात' आहे.

या सीलवर संशोधन करायला आणि त्याला वाचवण्याची कामे करायला परवानगी कोणती व किती द्यावी, याविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवेने २०१४ साली एक विस्तृत पर्यावरण-परिणाम अहवाल प्रसिद्ध केला. असले सरकारी दस्तऐवज कोणी हौसेने वाचत नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्याने याची ओळख करून घ्यावी असे मला वाटते, कारण त्याची ताकद आणि त्याची उणीव या दोन्हींतून विज्ञानाच्या पद्धतीविषयी बरेच शिकता येते.

परवाना कशासाठी?

अमेरिकेत १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. प्राण्याला मारणे आणि पकडणे तर त्याने रोखलेच, पण त्रास देणेही गुन्ह्याच्या व्याख्येत आणले. संशोधकालाही त्यातून आपोआप सूट नाही. किती प्राण्यांना हात लावणार, काय करणार, त्यात चुकून किती दगावू शकतील, हे आधी लिहून द्यावे लागते. अर्ज जाहीर होतो, लोकांना मत मांडायला ३० दिवस मिळतात, एक स्वतंत्र आयोग तो तपासतो. परवाना साधारण पाच वर्षांचा असतो. आपल्याकडेही त्याच १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिक्षण व संशोधनासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते.

ही केवळ कागदपत्रांची कटकट आहे असे अनेक संशोधकांना वाटते. मला तसे वाटत नाही. प्रयोगापूर्वी अपेक्षित हानीचा आकडा लिहायला लावणे ही चांगली वैज्ञानिक शिस्त आहे. ती ढिली झाली की काय होते, हे अलास्काच्या बाजूच्या स्टेलर समुद्रसिंहांच्या बाबतीत दिसले. परवान्यांचा एकत्रित परिणाम नीट तपासला नव्हता म्हणून २००६ साली न्यायालयाने ते रद्द केले आणि चालू संशोधन थांबले. सीलसाठी सर्व कामांचा एकत्र अहवाल करण्याचे महत्त्व यावरून लक्षात येईल.

हात लावल्याने काय होते?

हवाईत १९८० च्या दशकापासून पिल्लांच्या मागच्या वल्ह्यांना प्लास्टिकचे बिल्ले लावले जातात. त्यामुळे कोणता सील कुठे जन्मला, किती जगला, हे एकेका प्राण्यापुरते कळते. बिल्ले नसते तर पिल्ले प्रौढ होण्याआधीच मरत आहेत, हे इतक्या स्पष्टपणे कळलेच नसते.

पण बिल्ला लावण्यानेच सील मरत असतील तर? हा प्रश्न बेकर आणि योहानोस यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला. पाचशेंहून अधिक वेळा हाताळलेल्या सीलांशी तशाच, पण न हाताळलेल्या सीलांची तुलना केली. वर्षभरानंतरचे जगणे, दुसऱ्या बेटावर जाणे, प्रकृती यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष दिलासा देणारा असला तरी त्याच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. हाताळण्यासाठी प्रकृतीने बरे प्राणीच निवडले गेले असतील, तर थोडी हानी झाकली जाऊ शकते. शिवाय तो निष्कर्ष बिल्ले लावणे, रक्त घेणे, उपकरण चिकटवणे एवढ्यापुरताच आहे. पिल्लाला उचलून शेकडो किलोमीटर दूर नेण्याला तो लागू होत नाही.

काहीच न करण्याची किंमत

अहवालाची खरी ताकद पर्यायांच्या तुलनेत आहे. कायद्याने अशा अहवालात 'काहीच न करणे' हाही पर्याय तपासावा लागतो. इथे त्याचा अर्थ असा की, जुने परवाने संपले की जाळ्यात अडकलेला सील सोडवणेही बंद.

आपल्याला सहसा वाटते की निसर्गाला हात लावला नाही म्हणजे आपण निर्दोष. या सीलच्या बाबतीत ते खरे नाही. मुख्य बेटांच्या वायव्येस सुमारे २००० किलोमीटर पसरलेल्या निर्जन बेटांवर बहुतेक सील राहतात. २००० नंतरच्या दशकात तिथली संख्या दरवर्षी सुमारे ४ टक्क्यांनी घटत होती. तिथल्या पाच पिल्लांतले एकसुद्धा प्रौढ होईना. अन्नटंचाई, शार्क, वाहून आलेली मासेमारीची जाळी अशी त्याची कारणे. आई पाच ते सात आठवडे उपाशी राहून पिल्लाला पाजते आणि निघून जाते. पुढे पिल्लाने एकट्याने शिकार शिकायची असते. नेमक्या याच काळात ती मरत होती. उलट, लोकवस्तीच्या मुख्य बेटांभोवतीची थोडी पिल्ले चांगली जगत होती.

तरीही माझा पहिला आक्षेप इथेच आहे. हात लावल्याने होणारी हानी आपण एकेका प्राण्याच्या हिशेबाने मोजतो. हात न लावल्याने होणारी हानी मात्र टक्केवारीत विरून जाते. हाताळताना मेलेल्या सीलसाठी जाब देणारा माणूस असतो. परवान्याची वाट पाहताना मेलेल्या पिल्लासाठी कोणीच नसतो. दोन्ही रकाने एकाच मापाने भरायला हवेत.

माणसे कुठे आहेत?

२०११ च्या मसुद्यात एक धाडसी योजना होती. आईपासून सुटलेली पिल्ले दूरच्या बेटांवरून मुख्य बेटांवर आणायची, सुमारे तीन वर्षांनी मोठी झाली की परत न्यायची. जीवशास्त्राच्या दृष्टीने कल्पना नीट विचारलेली होती. पण मुख्य बेटांवर मासेमारी करून जगणारे लोक आहेत. सील आले की निर्बंध येतील, मासे कमी होतील, अशी भीती त्यांना होती. सील इथला नाहीच, सरकारने आणून सोडला, असेही काही जण म्हणत.

त्यामागे एक खरी घटना होती. १९९४ साली लेसन बेटावर नरांची संख्या फार झाली होती, आणि ते झुंडीने माद्यांवर चालून जात व त्यात माद्या मरत. म्हणून वीसहून अधिक नर मुख्य बेटांकडे हलवले होते. आता विद्यार्थ्यांना विचारा: हलवले ते फक्त नर, मग मुख्य बेटांवर पिल्ले कशी जन्मली? माद्या स्वतःहून तिथे होत्या, हे उत्तर मुलेही काढतील. पण ते तर्काने बरोबर असले तरी त्याने कोळ्याची भीती जात नाही.

२०११ च्या अखेरीपासून २०१२ च्या आरंभापर्यंत मोलोकाई आणि कवाई बेटांवर चार सील मारले गेले. योजनेशी त्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र त्याच मोलोकाईवर आईने टाकलेले, माणसांनी वाढवलेले 'केपी २' नावाचे सील लोकांचे लाडके झाले होते आणि ते नेताना लोक हळहळले होते. म्हणजे 'बेटावरचे लोक सीलचे वैरी' हे चित्र खोटे आहे. अंतिम अहवालात मुख्य बेटांवर पिल्ले आणण्याची योजना वगळली गेली.

माझा दुसरा आक्षेप हा की, लोकांचे म्हणणे योजना तयार झाल्यावर ऐकले गेले. पिल्लू मुख्य बेटावर किती जगेल, हे मासे आणि शार्क यांच्याइतकेच किनाऱ्यावरच्या माणसावरही अवलंबून होते. तो घटक आकडेमोडीत सुरुवातीपासून हवा होता. मांजरांच्या विष्ठेतून समुद्रात पोचणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवीही तसाच. त्याने मुख्य बेटांच्या परिसरात आजवर डझनाहून अधिक सील मेले आहेत.

म्हणून योजना मागे घेणे हा विज्ञानाचा पराभव होता असे मी मानत नाही. उणीव भरून न काढता ती रेटली असती, तर तो झाला असता.

पुढे काय झाले?

दूरच्या बेटांवरच एका ठिकाणची पिल्ले दुसऱ्या ठिकाणी हलवण्यात आली. २०१४ साली हवाई बेटावर सीलसाठी रुग्णालय सुरू झाले. २०१६ पासून विषाणुरोगाविरुद्ध लसीकरण सुरू झाले. २०२२ साली संख्या १५०० च्या वर गेल्याचे जाहीर झाले, वीसहून अधिक वर्षांत प्रथमच. आज जिवंत असलेल्या सीलांपैकी सुमारे ३० टक्के या कामामुळे किंवा अशा वाचवलेल्या माद्यांच्या वंशात जन्मल्यामुळे आहेत, असा संबंधित खात्याचा अंदाज आहे. मूळ योजना राबवली असती तर संख्या वाढली असती की घटली, हे मात्र कधीच कळणार नाही. त्या प्रयोगाला तुलनेचा दुसरा गट नाही.

धोका संपलेलाही नाही. २०१८ साली एका चक्रीवादळाने पिल्ले जन्मण्याचे एक महत्त्वाचे ठिकाण, ईस्ट नावाचे वाळूचे बेट, जवळजवळ धुऊन नेले. अशा वेळी पिल्ले उचलायची का, हा प्रश्न पुन्हा येणार आणि उत्तराला वेळ थोडा असणार.

२०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली, तेव्हा 'कासवाला त्रास का देता?' असा प्रश्न कोणाही संवेदनशील विद्यार्थ्याच्या मनात आला असेल. प्रश्न योग्यच आहे. शिक्षकाने त्याला गप्प करू नये, आणि तेवढ्यावर थांबूही देऊ नये. त्याच्याकडून दोन रकाने आखून घ्यावेत: हात लावला तर काय, नाही लावला तर काय. दोन्हींत आकडे सापडतात का ते शोधायला लावावे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या रकान्यात येते, तेही विचारावे.