जुने काउंटी-नकाशे : पुरावा कोणत्या काळाचा?

इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात जॉन स्पीडच्या १६११-१२ मधील नकाशासंग्रहाचा आधार वारंवार घेतला जातो. त्यातील काउंटी-नकाशे १६११ ची स्थिती दर्शवितात, हे गृहीतक मात्र तपासावयास हवे. काउंटीचे रेखाटन स्पीडने मुख्यतः सॅक्स्टनच्या १५७९ च्या संग्रहावरून व नॉर्डनच्या नकाशांवरून घेतले. तशी कबुलीही दिली. कोपऱ्यातील नगरांचे आराखडे मात्र अनेकदा त्याने स्वतः पावले मोजून केले. म्हणजे एकाच पानावर सुमारे तीस वर्षांच्या अंतराचे दोन काळ शेजारी नांदतात. ‘हंड्रेड’ या उपविभागांच्या सीमा पद्धतशीरपणे दाखविणे, ही त्याची खरी भर.

उमरावांची कुंपणबंद शिकारउद्याने सॅक्स्टन व स्पीड दोघांनीही आवर्जून काढली; रस्ते वगळले. त्यावरून दळणवळण क्षीण होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. रस्त्यांसाठी ओगिल्बीचा १६७५ चा संग्रह पाहावा.

स्पीडचे ताम्रपट अठराव्या शतकातही छापले जात होते. सुट्या पानाचा काळ प्रकाशकाच्या नावावरून व मागील मजकुरावरून ठरवावा लागतो. महाजालावरील चित्रात ही मागील बाजू बहुधा नसतेच!