चिलटाचे आतडे आणि शोधाचे श्रेय

टोपलीतले एखादे केळे जरा जास्त पिकले की त्याच्याभोवती तांबड्या डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची चिलटे घिरट्या घालू लागतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण त्यांना ड्रॉसोफिला म्हणून ओळखतो. कुजणाऱ्या फळावर जगणारा हा कीटक प्रत्येक घासाबरोबर जीवाणू आणि बुरशी गिळत असतो. मग तो सतत आजारी का पडत नाही?

ब्रुनो लमेत्र या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाचे बरेचसे आयुष्य या प्रश्नाभोवती गेले आहे. त्यांच्या कामाची इथे जरा चिकित्सा करायची आहे. एक तर ते काम वर्गात सांगण्याजोगे आहे. दुसरे म्हणजे, विज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपण काय गाळतो हेही त्यातून दिसते.

लमेत्र यांची डॉक्टरेट रोगप्रतिकारावर नव्हती. ती गुणसूत्रांवर इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या जनुकांवर होती. त्यानंतर ते स्ट्रासबुर्गला ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत आले. कीटक जंतूंशी कसे लढतात याचा अभ्यास तिथे कित्येक वर्षे चालू होता. जंतुसंसर्ग झाला की कीटकाच्या शरीरात काही छोटी जंतुनाशक प्रथिने तयार होतात हे कळले होते. बुरशी मारणारे ड्रोसोमायसिन तिथेच १९९४ साली वेगळे केले गेले होते. कोडे एवढेच होते की ही प्रथिने बनवण्याचा हुकूम कोण देतो?

लमेत्र यांना योगायोगाने एक सदोष माशी सापडली. ती जीवाणूविरोधी प्रथिने बनवू शकत नव्हती, बुरशीविरोधी ड्रोसोमायसिन मात्र बनवत होती. जीवाणूंच्या संसर्गाने मरणारी ही माशी बुरशीला तोंड देऊ शकत होती. याचा अर्थ हुकूम पोचवणारे मार्ग निदान दोन असले पाहिजेत. हे १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी दुसरा मार्गही सापडला. त्यातले ‘टोल’ हे जनुक आधीपासून माहीत होते, पण वेगळ्याच कामासाठी. भ्रूणाची पाठ कुठली आणि पोट कुठले हे ठरण्यात त्याचा वाटा असतो. टोल निकामी असलेल्या माश्या बुरशीपुढे हतबल ठरल्या. बुरशीच्या तंतूंनी वेढलेल्या मेलेल्या माशीचे त्या निबंधातले छायाचित्र आता अनेक पाठ्यपुस्तकांत आहे.

१९९७ मध्ये रुस्लान मेझितॉव आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातले टोलसारखे जनुक दाखवले. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने उंदरांत सिद्ध केले की असेच एक प्रथिन जीवाणूंच्या आवरणातला विषारी घटक ओळखते. चिलटापासून निघालेला धागा माणसापर्यंत पोचला.

इथवरची गोष्ट बहुतेक लेखांत येते. मला त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. १९९८ नंतर लमेत्र यांनी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि २००७ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठात गेले. तोवर माशीला जंतुसंसर्ग करायचा तो सुईने टोचून. परंतु निसर्गात माशीला सुई कोण टोचणार? जंतू तोंडावाटे जातात. म्हणून त्यांच्या गटाने माश्यांना जीवाणू खाऊ घातले आणि आतड्याकडे पाहिले.

सुदैवाने २००६ मध्ये दुसऱ्या दोन गटांनी दाखवून दिले होते की प्रौढ माशीच्या आतड्यात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल्स असतात. विभागून नव्या पेशी पुरवत राहणे हे त्यांचे काम. आता दोन धागे जुळले. २००९ साली लमेत्र यांच्या गटाने दाखवले की भाज्यांना सडवणारा एक जीवाणू माशीने गिळला की आतड्याच्या अस्तराची हानी होते, आणि लगेच मूलपेशी झपाट्याने विभागून नवे अस्तर घडवू लागतात. मौज अशी की या हानीत माशीचाही हात असतो. जीवाणू मारण्यासाठी आतडे ऑक्सिजनची तिखट संयुगे सोडते, ती स्वतःच्या पेशींनाही पोळतात आणि त्यातूनच दुरुस्तीला चालना मिळते. नेहमीचे निरुपद्रवी जीवाणूही मूलपेशींना थोडे कामाला लावतात. जंतुविरहित वाढवलेल्या माश्यांत अस्तराचे नूतनीकरण मंद असते.

म्हणजे जंतूंशी लढणे हा प्रतिकाराचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग झालेली मोडतोड दुरुस्त करण्याचा. सूडोमोनास एन्टोमोफिला या घातक जीवाणूबाबत २०१२ मध्ये हेच उलट्या बाजूने दिसले. तो आतड्यातल्या पेशींचे प्रथिने बनवण्याचे कामच थांबवतो. मग संरक्षक प्रथिनेही बनत नाहीत आणि दुरुस्तीही होत नाही. माशी मरते.

आता या कामाच्या मर्यादा. प्रयोगात माशीला जीवाणूंचा अतिशय दाट घोल पाजला जातो, तेवढा डोस केळ्यावर क्वचितच मिळेल. माशीच्या आतड्यात जीवाणूंच्या मोजक्या जाती असतात, आपल्या आतड्यात शेकडो. माशीकडे आपल्यासारख्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही नाहीत. तेव्हा “माशीत दिसले, म्हणून माणसाच्या आतड्याच्या विकारांचे उत्तर मिळाले” असे कुणी म्हणाले तर सावध व्हावे. माशीने आपल्याला प्रश्न नीट विचारायला शिकवले, एवढे म्हणणे रास्त. आणि तेही थोडे नाही.

या गटाची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. ती म्हणजे स्वतःच्या क्षेत्रातली गृहीते पुन्हा तपासणे. जंतुनाशक प्रथिने माशीला वाचवतात असे सगळे धरून चालले होते. पण त्यांची अनेक जनुके एकाच माशीतून काढून टाकून खात्री करून घेणे दीर्घकाळ जमले नव्हते. २०१९ मध्ये लमेत्र यांच्या गटाने ते केले. काही जीवाणूंविरुद्ध ही प्रथिने मिळून काम करतात, तर एखाद्या जीवाणूविरुद्ध जवळजवळ एकटे एकच प्रथिन भार उचलते असे दिसले. जुने गृहीत बरेचसे खरे ठरले, पण त्याला नवी कंगोरेदार बाजू मिळाली.

आता अवघड भाग. २०११ चे वैद्यकाचे नोबेल हॉफमन, ब्यूटलर आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळाले. जेनवे २००३ मध्येच वारले होते. मेझितॉव आणि त्यांचे काम डावलले गेले असे अनेक नामवंत प्रतिकारशास्त्रज्ञांनी पत्र लिहून म्हटले. लमेत्र यांनीही जाहीरपणे मांडले की टोलचे निर्णायक प्रयोग आपण केले आणि श्रेयाची वाटणी न्याय्य झाली नाही. १९९६ च्या निबंधावर पहिले नाव त्यांचे आहे, शेवटचे हॉफमन यांचे.

न्याय कुणाच्या बाजूने? मला वाटते, दोन्ही बाजूंना वजन आहे. प्रश्न, प्रथिने, माणसे आणि पैसा यांची जुळवाजुळव हॉफमन यांनी वर्षानुवर्षे केली होती. ती नसती तर लमेत्र यांना शोधायला काही नव्हते. पण जनुकांची भाषा जाणणारा आणि दोन माश्यांतला फरक ओळखणारा माणूस नसता तर ती प्रयोगशाळा प्रथिनांची यादीच वाढवत बसली असती. एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन नावे, या चौकटीत हे बसत नाही. दोष चौकटीचा आहे.

म्हणूनच लमेत्र यांचे विज्ञान आणि आत्मप्रौढी यांवरचे २०१६ चे पुस्तक मला निम्मेच पटते. अहंकारी माणसे संशोधनात वर्चस्व मिळवतात हा त्यांचा मुद्दा अनुभवाला धरून आहे. पण सगळा भर स्वभावावर दिला की व्यवस्था सुटते. त्यांच्याच आतड्यावरच्या कामाचा धडा असा की परिणाम एका घटकातून निघत नाही. जंतू, अस्तर आणि मूलपेशी यांच्या देवघेवीतून तो घडतो. हीच नजर त्यांनी प्रयोगशाळेकडे वळवली असती तर पुस्तक अधिक बळकट झाले असते.

हे मी तटस्थपणे लिहितो आहे असे नाही. विद्यार्थी असताना माझे नाव एका निबंधावर तिसरे लागले, तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. आज माझे नाव शेवटी लागते आणि मला चांगली झोप लागते. हे लिहिताना ती झोप जरा खटकली.

तेव्हा वर्गात “अमुक शास्त्रज्ञाने अमुक शोध लावला” हे वाक्य आले की मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत. प्रयोग प्रत्यक्ष कुणी केला? त्याआधी काय माहीत होते? आणि पुढे ते कुणी तपासून पाहिले? उत्तरे नेहमी मिळतील असे नाही. पण मुलांना कळेल की शोध हा एका क्षणाचा किंवा एका माणसाचा नसतो. आणि पुढे त्यांच्यातलाच कुणी प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, तर निबंधावर नावे लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबेल.